कार्ड ट्रंकेत ठेवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

फौजी सुट्टीवर आला की घरात सगळे विषय निघतात. बांधाचा वाद निघतो, गळकं छप्पर निघतं, धाकटीचं लग्न निघतं. बायकोचं आणि लेकराचं नाव युनिटच्या दप्तरी चढलं का, एवढं विचारायचं मात्र राहून जातं. फौजेत त्या नोंदीला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. लग्न झालं, मूल झालं, की ती निघायलाच हवी. नाही निघाली, तर एम.एच.च्या, म्हणजे फौजी इस्पितळाच्या, खिडकीवर 'आमचे हे फौजेत आहेत' असं कितीही सांगा, समोरचा क्लार्क तरी काय करणार?

आणि हे पुढे पेन्शनीतही आडवं येतं. माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही उपचारांची योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. आज देशभरात तिची चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक, म्हणजे दवाखाने, आहेत. तिथून रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घेतलं की पॅनलवरच्या, म्हणजे योजनेनं ठरवलेल्या, खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतात. योजना चांगलीच आहे. पण फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात 'सुमन', आधारवर 'सुमनबाई' आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, असं असलं की योजनेचं कार्डच अडकतं. मालक हयात असतात तोवर ते धावपळ करतात. ते गेले की सत्तरीतल्या माउलीनं फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं? तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्तासुद्धा कुणी सांगितलेला नसतो. हे काम नवऱ्याच्या हयातीतच उरकायला हवं. बोलायला कडू वाटतं, पण बोलतो.

दुसरी अडचण अंतराची. डोंगरातल्या गावाहून एस.टी.नं जिल्ह्याला जायचं, रांग लावायची, आणि गोळ्या संपल्यात असं ऐकून संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. साखर आणि बी.पी.च्या औषधासाठी हे दर खेपेला. माझं स्पष्ट मत आहे, ठरलेल्या वारी पॉलिक्लिनिकचीच गाडी गावाकडे यावी. २०२१ साली 'सेहत' नावाची ऑनलाइन ओ.पी.डी. सुरू झाली, त्यात फौजेचे डॉक्टर व्हिडिओवर तपासतात. बरी सोय आहे. फक्त आजीला ती कॉलेजातल्या नातवाशिवाय उघडता येत नाही.

आता एक कागदावर लिहून घ्या. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर रेफरलसाठी थांबू नका. जवळचं रुग्णालय गाठा. ते पॅनलवर असेल तर कार्ड दाखवा, पुढचं कळवायचं काम त्यांचं. पॅनलवर नसेल तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला आपण कळवायचं, आणि बिल, डिस्चार्ज समरी, सगळं जपून ठेवायचं. पैसे मागाहून मागता येतात.

आणि ते कार्ड ट्रंकेत, साड्यांच्या खाली नको. दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवा, शेजारणीलाही दाखवून ठेवा.

नमस्कार.