सुई टोचणारा डॉक्टर कुणाच्या बाजूचा?

ऑपरेशन थिएटर आहे, वर तो मोठा गोल लाईट, हाताला सलाईन, फक्त ऑपरेशन कसलंच नाहीये. टेबलावर झोपलाय तो पेशंट नाही, आरोपी आहे. सोडियम पेंटोथाल, म्हणजे साधं भुलीचं औषध, थेंबाथेंबानं सोडतात, भूलतज्ज्ञ बीपीवर नजर ठेवून असतो, आणि माणूस ना धड झोपलेला ना धड जागा असा झाला की सायकॉलॉजिस्ट प्रश्न विचारायला लागतात. प्रश्न मात्र पोलिसांच्या तपासाचे.

ही नार्को टेस्ट. तेलगी आठवतोय ना, स्टॅम्प पेपरवाला? त्याची बंगळुरूत झाली आणि तिचं शूटिंग पुढे थेट टीव्हीवर, लोक चहा पीत बघतायत की एक माणूस गुंगीत काय काय बरळतोय. डॉक्टरसमोर बोललेलं बाहेर जात नाही म्हणे! २००४ मध्ये मुंबई हायकोर्टानंही त्याच घोटाळ्याच्या केसमध्ये अशा टेस्टला हरकत नाही म्हटलं होतं. पण गुंगीतला माणूस मनातलं काहीही जोडून बोलतो, समोरच्यानं सुचवलं त्याला हो म्हणतो, आणि खोटंसुद्धा बोलू शकतो.

मग २००८, पुणे. खुनाच्या केसमध्ये एका तरुणीला जन्मठेप, आणि पुराव्यात मुंबईच्या फॉरेन्सिक लॅबचं ब्रेन मॅपिंग. म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, 'आर्सेनिक हे विष विकत घेतलं' वगैरे वाक्यं ऐकवायची, तिनं तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि मशीन सांगणार की हा हिचा स्वतःचा अनुभव आहे. बोललीच नाही तरी कबुली! निम्हान्स, म्हणजे बंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था, तिच्या डायरेक्टरांच्या समितीनं हे सायंटिफिक नाही असं सांगितलं. पुढे हायकोर्टानं तिला जामीन दिला.

५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टानं सेल्वी केसमध्ये स्पष्ट केलं, नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, काहीच जबरदस्तीनं करायचं नाही. संमती हवी, तीही मॅजिस्ट्रेटसमोर, वकिलाशी बोलून.

हे झालं पोलिसांचं. डॉक्टरांचं काय? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की डॉक्टरनं छळाला हातभार लावायचा नाही, कुणाला मानसिक किंवा शारीरिक इजा करण्यात सामील व्हायचं नाही. तरी सेल्वीच्या आधी इतकी वर्षं कुणीतरी सुई टोचतच होतं ना, आणि ते पोलीस नव्हते. 'मी फक्त डोस दिला, प्रश्न मी नाही विचारले', हे मला तरी पटत नाही.

२०२२ मध्ये दिल्लीत वसईच्या मुलीच्या खुनाच्या केसमध्ये आरोपीनं नार्कोला होकार दिला. आता कोठडीतल्या माणसाचा होकार किती मोकळा, हा प्रश्न आहेच. पण समजा मनापासून दिला. सही करताना तो पूर्ण शुद्धीत असतो. औषध चढल्यावर तोच माणूस पुटपुटला, 'बास, थांबवा', तर ते उत्तर म्हणून लिहून घ्यायचं, की सलाईन बंद करायचं?