घोड्यासह रानात मुक्काम

नमस्कार श्रोतेहो.

डोंगरातल्या जंगलात घोडे घेऊन दोन-तीन रात्री काढायच्या म्हटलं की बहुतेकांची यादी तंबू आणि शिध्यापासून सुरू होते. ती पाण्यापासून सुरू करा, असा आमचा आग्रह आहे. साधारण ४०० किलोचा घोडा गार हवेत, फारसं काम नसताना दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पितो. चढ चढून घामाघूम झाला तर ५० लिटरही पिऊ शकतो. चार घोड्यांचे झाले दोनशे लिटर, आणि एवढं पाणी कुणी पाठीवर लादून नेत नाही. म्हणजे मुक्काम कुठे पडणार हे पाणीच ठरवणार. नकाशात ओढा दिसतो, पण त्या महिन्यात तो वाहता असतो का, घोड्याला काठापर्यंत उतरता येतं का, हे नकाशा सांगत नाही. वनखात्याची परवानगी काढायला जाल तेव्हाच हे विचारून घ्या. घोड्यांना कोणत्या वाटा खुल्या आहेत आणि बाहेरचा चारा आत नेता येतो का, हेही तिथेच विचारा. चाऱ्यातून तणाचं बी रानात जातं, म्हणून काही जंगलांत त्यावर बंधन असतं.

सपाटीवर घोडा चालीने तासाला सहा किलोमीटर जातो, पण चढउताराच्या वाटेवर चारच धरा. दिवसाला १५ ते १८ किलोमीटर पुरे, पहिल्या दिवशी त्याहून कमी. दोन तास उजेड शिल्लक असताना मुक्कामावर पोहोचलंच पाहिजे, कारण पुढची सगळी कामं उजेडाचीच आहेत.

आता चारा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे ४०० किलोच्या जनावराला सहा ते आठ किलो. रानातल्या गवतावर भिस्त ठेवू नका. घोड्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव नेहमीच्या चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला तर पोटात गॅस धरतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून हे दुखणं जिवावर बेततं. सहलीत वेगळा चारा देणार असाल तर निघण्याआधी आठ-दहा दिवस तो घरच्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळत जा. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पाणी, मग सुका चारा, आणि अंग निवल्यावर तासाभराने तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, भिजवलेली चंदी. त्यात चमचा-दोन चमचे मीठ घाला, घामातून गेलेलं भरून निघतं आणि तहानही लागते. अनोळखी वासाच्या पाण्याला काही घोडे तोंडच लावत नाहीत. त्यांच्यासाठी चारा भिजवून द्या, तेवढं तरी पाणी पोटात जाईल.

सर्वांत जास्त गफलत होते ती रात्री घोडा बांधताना. सरळ झाडाच्या बुंध्याला बांधलं की कंटाळलेला घोडा रात्रभर पाय आपटतो, मुळं उघडी पडतात, साल कुरतडली जाते. साल सभोवार निघाली तर ते झाड पुढे वाळून जातं. त्याऐवजी दोन भक्कम जिवंत झाडांमध्ये आडवा दोर ताणा. दोर ओढ बसली तरी न लांबणारा, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा घ्या आणि घोड्याच्या डोक्याहून उंच, किमान दोन मीटरवर बांधा. झाडाभोवती दोर थेट गुंडाळू नका, चार बोटं रुंद पट्टा वापरा. दोर होईल तेवढा ताठ करा, कारण घोड्याने ओढल्यावर तो थोडा झोळतोच. प्रत्येक घोड्यासाठी दोरावर फिरती कडी अडकवा, म्हणजे दावं पिळत नाही. दोन घोड्यांत तीन ते चार मीटर अंतर ठेवा आणि झाडापासून दोन मीटर सोडून बांधा.

दाव्याची लांबी ही यातली नाजूक गोष्ट आहे. म्होरकीला, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्याला, अडकवायचा दाव्याचा हूक जमिनीपासून हातभर वर लोंबायला हवा. दावं त्याहून लांब ठेवलं तर पाय त्यात अडकतो आणि घाबरलेला घोडा स्वतःला फाडून घेतो. त्याहून आखूड ठेवलं तर तोंड चाऱ्यापर्यंत जात नाही. गाठ एका झटक्यात सुटणारीच हवी आणि जवळ धारदार सुरी हवी. जागा कोरडी, सपाट, टणक असावी, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, हे मान वर करून पाहाच. कण्हेर, घाणेरी, नेचे अशा विषारी वनस्पती घोड्याच्या आवाक्यात असतील तर जागा बदला. चूल पेटवण्याआधी आसपासची झाडं आणि कडे न्याहाळा. धुराने मधमाश्या उठल्या तर माणूस पळून सुटेल, बांधलेला घोडा सुटणार नाही.

आडवा दोर, पायबंद (घोडा लांब जाऊ नये म्हणून पायांना घालायचा बंद), फडफडणारा तंबू, डोक्यावरचा दिवा, या सगळ्याची तालीम घरी करा. ज्या घोड्याने पायबंद कधी पाहिलेला नाही त्याला तो रानात पहिल्यांदा घालणं धोक्याचं आहे.

सहलीला निघण्याच्या आठवडाभर आधी नाल बसवून घ्या. खिळा चुकीच्या जागी गेला असेल तर लंगडणं घरीच कळतं. वाटेत नाल पडला तर खुराला घालायला एक रबरी खूरबूट सोबत ठेवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. लादणीच्या घोड्यावर दोन्ही बाजूंचा भार काट्यावर तोलून सारखा करा, कारण किलोभराच्या फरकानेही खोगीर एका अंगाला सरकतं आणि पाठ सोलवटते. उतारावर ते पुढे घसरतं, तिथे दुमची, म्हणजे खोगिराला जोडलेला शेपटीखालचा पट्टा, लागते. फार तीव्र उतार असेल तर खाली उतरून चाला. संध्याकाळी खोगीर काढल्यावर घाम पाहा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब पडतोय.

थांब्यावर नाडी मोजा. विश्रांतीत असलेल्या घोड्याची ती मिनिटाला २८ ते ४४ असते. विसावा घेऊन १५ मिनिटं झाली तरी ६४ च्या खाली येत नसेल, तर त्या दिवशीची चाल संपली. पाय आपटणं, वळून पोटाकडे पाहणं, लोळणं, लीद न टाकणं ही पोटशुळाची लक्षणं आहेत. चारा बाजूला करा आणि पशुवैद्याला फोन लावा. फोन कुठे लागतो ती जागा आधी हेरलेली हवी. औषधं पशुवैद्याने घोड्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेलीच ठेवा.

निघताना लीद पसरून टाका, म्हणजे ती वाळते आणि माश्या होत नाहीत. खुरांनी पडलेले खड्डे बुजवा.

घरी पोहोचल्यावर विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा. कष्टानंतर उभ्या घोड्याला पूर्ण चंदी दिली तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होताच मांड्या आखडू शकतात आणि लघवी कॉफीसारखी काळपट होते. असं दिसलं तर त्याला एक पाऊलही चालवू नका. जागीच उभा ठेवा, गारठा असेल तर झूल घाला, पाणी पुढे ठेवा आणि पशुवैद्याला तिथेच बोलवा.