लकवा मारलेला हात ओढू नका, त्याला काम द्या

नमस्कार मंडळी, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आज फक्त हाताबद्दल बोलणारे, स्ट्रोक म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्यानंतर लुळा पडलेला हात.

परवा एका घरी गेले होते. काकांना डाव्या बाजूला लकवा मारून दीड महिना झालाय, मुलगा एवढं मनापासून करतोय सगळं, पण कॉटवरून उठवताना त्याने तोच डावा हात धरला आणि वर खेचला, काका कळवळलेच. असं करू नका हो, प्लीज! खांद्याचा सांधा मुळातच उथळ असतो, त्याला जागेवर धरून ठेवतात ते आजूबाजूचे स्नायू, आणि आता तेच ढिले पडलेत, मग हाताच्या वजनानेच खांदा खाली उतरतो, वर बोट लावलं तर खळगा लागतो, त्यात तुम्ही ओढलंत तर काय होणार सांगा. कमरेला आधार देऊन उठवा. बसले की मांडीवर उशी आणि उशीवर हात, लोंबकळत ठेवायचा नाही.

आता माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचं. काकू घास भरवत होत्या, काकांचा उजवा हात धड असताना! आणि डावा नुसता पडून. लकव्यात मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण उरलेला भाग ते काम शिकू शकतो, मात्र हात वापरला तरच. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी यावरूनच एक पद्धत काढली, चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि कामं लुळ्या हाताने करायची, २००६ साली २२२ पेशंटांच्या अभ्यासाचा रिझल्ट आला, ज्यांनी हे दोन आठवडे केलं त्यांचा हात सुधारला आणि तो फरक वर्षानंतरही टिकला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत असतील तरच हां, फिजिओला न विचारता घरी करू नका, चांगला हात मोज्यात अडकला की आधार धरता येत नाही आणि तोल जातो.

हात अजिबात हलत नसेल तर टेबलावर नॅपकिन ठेवा, त्यावर लुळा हात, वर चांगला हात, आणि टेबल पुसल्यासारखं पुढे-मागे. थोडी हालचाल आली की स्टीलचा रिकामा ग्लास द्या. पकडणं लवकर जमतं, सोडणं जमत नाही, बोटं उघडतच नाहीत, म्हणून प्रॅक्टिस सोडण्याचीच करायची. आणि सहा महिने झाले, आता काही होणार नाही असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका, वेग कमी होतो, सुधारणा थांबत नाही.

काकांना काल मी जेवायला बसवलं, उजव्या हाताने त्यांनी स्वतः पोळी तोडली आणि डावा हात ताटाच्या काठावर ठेवून दिला, ताट सरकू नये म्हणून. सध्या त्याला तेवढंच काम दिलंय.