नियम 74 वरची पट्टी

सोलापुरात रोज सकाळी अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा अशा तालुक्यांतून एसटीने आलेली माणसे अर्ज घेऊन शासकीय कार्यालयांतील टेबलांसमोर उभी राहतात. त्यांच्या अर्जावरचा निर्णय कोणत्या तरी नियमाच्या आधारे होतो, आणि तो नियम आजच्या तारखेला नेमका काय आहे हे टेबलामागच्या कर्मचाऱ्याला कोठून कळते, हा या माहितीपटाचा विषय आहे.

समोर दिसते आहे ती ग्रंथालयातील, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 या पुस्तकाची कापडी बांधणीची जुनी प्रत. नियम 74, प्रसूती रजा. मूळ छपाईत ही रजा 90 दिवसांची आहे. पुढे शासन निर्णयाने ती 180 दिवसांची झाली. ग्रंथपालांनी त्या ओळीवर कागदाची पातळ पट्टी लावून शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक सुवाच्य अक्षरात लिहिला आहे. डिंक फक्त एका कडेला लावलेला आहे, कारण जुन्या प्रकरणांत त्या काळचा नियमच पाहावा लागतो आणि पट्टी उचलून खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. पट्टी नसलेली प्रत हाती आली, तर कर्मचाऱ्यांच्या रजा-सेवेची कामे पाहणाऱ्या आस्थापना शाखेतला नवा लिपिक मनात कसलीही खोट नसताना एखाद्या परिचारिकेची निम्मी रजा नाकारील.

सेवेत आल्यानंतरही अभ्यास संपत नाही. महसूल विभागातील लिपिकांना दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढे महसूल अर्हता परीक्षा ठरावीक संधींमध्ये उत्तीर्ण व्हावी लागते. पुण्याच्या यशदासारख्या शासकीय प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळते, आणि 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या केंद्र सरकारच्या कर्मचारी-प्रशिक्षण उपक्रमामुळे अनेक अभ्यासक्रम आता मोबाइलवरही करता येतात. ही सोय मोलाचीच आहे. परंतु अडचण प्रशिक्षणाच्या दिवशी येत नाही; ती चार महिन्यांनी, संचिका समोर असताना येते. सातबाऱ्यावरील नाव चुकले आहे आणि दुरुस्तीचा अर्ज आला आहे, तर ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये बसणारी लेखनातील चूक आहे, की हक्काचाच वाद आहे? लेखनदुरुस्तीच्या नावाखाली हक्काचा वाद मिटवता येत नाही, आणि ही सीमारेषा न्यायनिर्णय वाचल्याशिवाय स्पष्ट होत नाही. अशा वेळी संहितेची अद्ययावत प्रत, संबंधित न्यायनिर्णय आणि परिपत्रके एकत्र काढून देणारा ग्रंथपाल हा माझ्या मते त्या निर्णयातला सहभागी असतो, मग त्याची सही कोठेही नसो.

संशोधनाची गरजही येथे रोजच्या कामातून उभी राहते. हा अवर्षणप्रवण जिल्हा. टंचाई आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याला 1884 च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये 1876-77 च्या दुष्काळाची आणि एकरुख तलावाची माहिती मिळते. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात 1933 पासून झाले आहे, आणि 2005 पासून येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथील निष्कर्ष शेतावर जाणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचायचे, तर इंग्रजी शोधनिबंधाचे चार ओळींचे मराठी टिपण कोणीतरी करून द्यावे लागते. संदर्भसेवा म्हणतात ती हीच.

अशी सेवा सर्वत्र नाही, हे खेदाने सांगावे लागते. एका कार्यालयात आम्हाला नियमपुस्तकांचे कपाट दाखवले गेले, पण ते उघडता आले नाही. किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झाले होते आणि कार्यभार सोपवताना तिची नोंद राहून गेली होती. तेथील एक अव्वल कारकून स्वतःच्या पैशाने घेतलेले मार्गदर्शक पुस्तक वापरतात. त्यांनी ते आम्हाला दाखवले. त्यातही नियम 74 समोर, समासात, त्यांनी स्वतः पेन्सिलीने 180 लिहून ठेवले आहे.