नाव काढलं, खटला राहिला

नमस्कार श्रोतेहो. "नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन!" हे लहानपणी तुम्हीही ऐकलं असेल. आता पाटीवर 'निरीक्षणगृह' लिहितात. आपल्याकडे पाटी चटकन बदलते, आतली सतरंजी तीच राहते. असो.

आज सांगायचंय ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्याबद्दल. १९८२ साली त्या मुंबईच्या तुरुंगात १५ बायकांशी बोलल्या. पाचजणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत मारहाण झाली. बाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. एक पत्र! आपण सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा कागदावर काही लिहून देत नाही, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळे होतो.

पुढे त्यांनी मुलांचा प्रश्न हाती घेतला. १६ वर्षांखालची मुलं, देशभरच्या तुरुंगांत अडकलेली. १९८६ मध्ये कोर्टानं सांगितलं: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर तीन महिन्यांत तपास, सहा महिन्यांत खटला, नाहीतर प्रकरण रद्द. पुन्हा सांगतो, तीन महिन्यांत तपास, सहा महिन्यांत खटला. राज्याराज्याचे वेगळे कायदे नकोत, संसदेनं एकच करावा, असंही कोर्टानं सुचवलं. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला.

आणि आता माझा आवडता किस्सा. आदेश निघाले, पण अंमलबजावणी? तारखा पडत राहिल्या, मुलं होती तिथेच. बाई वकील न देता स्वतः उभ्या राहायच्या. तीन वर्षं होत आली, तशा त्या वैतागल्या. १९८८ मध्ये कोर्टाला म्हणाल्या, माझी याचिका मला परत द्या. अहो, ज्यांनी दार ठोठावलं त्याच निघाल्या! कोर्ट म्हणालं, तुम्ही खुशाल जा, पण याचिका नेता येणार नाही. हे तुमचं घरचं भांडण नाही, ते मुलांचं आहे. बाईंचं नाव काढलं, त्यांच्या जागी सुप्रीम कोर्टाची विधी सहाय्य समिती आणली आणि सुनावणी पुढे चालू. काही लोक म्हणतात, बाईंचा अपमान झाला. मला विचाराल, तर त्या रागावल्या नसत्या तर ही गोष्ट इतकी स्पष्ट कुणी लिहूनच ठेवली नसती.

गंमत बघा, नाव काढलं खरं. पण वकिलांच्या पुस्तकात त्या निकालाचं नाव आजही तेच आहे: शीला बारसे विरुद्ध भारत सरकार.