1214 नंबरचं दार

[दृश्य : न्यूयॉर्क, संध्याकाळ. खिडकीत उजळलेला जुना जाडजूड मॉनिटर.]

8 सप्टेंबर 2003. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, आरआयएएनं, एका फटक्यात 261 खटले भरले. आरोप काय, तर कझासारख्या, एकमेकांच्या कॉम्प्युटरमधल्या फायली घ्यायच्या-द्यायच्या सॉफ्टवेअरवरून परवानगीशिवाय गाणी वाटली. त्यातल्या एका खटल्यामागे निघाली बारा वर्षांची मुलगी. 2,000 डॉलरवर तडजोड झाली.

धाक बसला का?

प्यू या संशोधन संस्थेनं लोकांना फोन केले. मार्च ते मेमध्ये इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी 29 टक्के म्हणाले होते, आम्ही गाणी उतरवून घेतो. डिसेंबर येईतो तसं म्हणणारे उरले 14 टक्के. निम्मेसुद्धा नाहीत!

आता तो फोन जरा डोळ्यांसमोर आणा. पेपरात खटल्यांच्या बातम्या, आणि पलीकडून अनोळखी आवाज विचारतोय, "तुम्ही गाणी डाउनलोड करता का?" कोण 'हो' म्हणेल? ही शंका प्यूनं स्वतःही बोलून दाखवली होती. शिवाय प्रश्न फक्त मोठ्यांना. घरातल्या पोरांना कुणी विचारलंच नाही.

[दृश्य : केबलचे जुडगे, लुकलुकणारे दिवे.]

सॅन डिएगोच्या संशोधकांनी माणसांचा नादच सोडला. त्यांनी इंटरनेटच्या मुख्य तारांवरून धावणारा डेटा तपासला. कझाची ये-जा एरवी 1214 नंबरच्या पोर्टमधून व्हायची. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं दार समजा. या दाराशी बसून डोकी मोजली, तर गर्दी ओसरलेली दिसे. पण मंडळी आता मिळेल त्या दारानं ये-जा करत होती, अगदी वेबसाइटसाठी असलेल्या 80 नंबरच्या दारानंही. संशोधकांनी दारं सोडून आतल्या डेटाच्या खुणा ओळखल्या, तेव्हा 2004 मध्येही वाहतूक घटल्याचं दिसेना.

मग खटले वाया गेले? तसंही नाही. भट्टाचार्जी, गोपाल या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांवर लोक किती फायली वाटतात, यावर लक्ष ठेवलं. त्यांचा अभ्यास 2006 मध्ये आला, आणि मला तोच जास्त पटतो. ढिगानं गाणी वाटणाऱ्यांनी हात चांगलाच आखडता घेतला होता. किरकोळ वाटणारे त्या मानानं निवांत. आणि शोधणाऱ्याला गाणी मिळतच होती.

त्यात एप्रिल 2003 पासून ॲपल आपल्या ऑनलाइन दुकानात 99 सेंटला गाणं विकत होतं. कोण खटल्याला घाबरलं आणि कोण दुकानात गेलं, कसं निवडणार?

डिसेंबर 2008. तीस हजारांहून जास्त लोकांना कोर्टाची भीती दाखवून झाल्यावर संघटनेनं सरसकट खटले थांबवले. यापुढे इंटरनेट कंपन्यांमार्फत इशारे पाठवायचे, असं ठरलं.