डेन्व्हरचे क्षयरोगी

डेन्व्हर. समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवरचं, कोलोरॅडोच्या राजधानीचं शहर. कोरडी हवा, लख्ख ऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले डॉक्टर क्षयरोग्यांना इकडे धाडायचे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला होता, पण त्याला मारणारं औषध कुणापाशीच नव्हतं. होती ती फक्त हवा.

न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत दिवसरात्र कपडे शिवणारे गरीब ज्यू कामगारही या हवेच्या आशेने गाडीत बसायचे. तिकिटातच पैसे संपायचे. खोकत, रक्त ओकत माणसं इथल्या रस्त्यांवर कोसळायची.

डेन्व्हरच्या समाजसेविका फ्रान्सिस जेकब्स यांना हे पाहवलं नाही. त्यांनी रुग्णालयासाठी शहराच्या मागे लकडा लावला. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये कोनशिला बसली आणि नोव्हेंबरमध्ये बाई गेल्या. पुढच्या वर्षी चांदीचा बाजार कोसळला, डेन्व्हरच्या बँका बुडाल्या, आणि बांधून झालेली इमारत सहा वर्षं कुलपात राहिली. सहा वर्षं! बाहेर रोगी मरतच होते.

अखेर बनाई ब्रिथ या ज्यू संघटनेने निधी उभा केला. १० डिसेंबर १८९९ रोजी नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल उघडलं. कुठल्याही धर्माच्या गरिबाला प्रवेश. ब्रीद असं, की ज्याला पैसे देता येतात त्याने आत येऊ नये, आणि जो आत येईल त्याला पैसे देता येणार नाहीत.

पण दारात एक अट होती. रोग सुरुवातीचा हवा. खाटा मोजक्या, तेव्हा वाचू शकेल त्यालाच त्या द्याव्यात, असा चालकांचा हिशोब. तो निर्दय नव्हता. पण ज्याची छाती पोखरून गेली होती, त्याने कुठे जायचं?

दुसरी अडचण स्वयंपाकघरातली. चालक बहुतेक जर्मन वंशाचे, अमेरिकेत रुळलेले, सुधारणावादी ज्यू. रोगी मात्र रशिया-पोलंडकडून आलेले, जुनं वळण पाळणारे. धर्माने घातलेल्या रीतीचंच मांस खायचं, दूध आणि मांस एकत्र आणायचं नाही, दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या आजीला विचारा, ती हे लगेच समजेल. इथे तसं स्वयंपाकघर नव्हतं. आजारी माणूस ताटावरून हात मागे घेत असेल, तर त्याला जेवू घातलं असं कसं म्हणायचं?

१९०४ साली याच स्थलांतरितांनी शहराच्या पश्चिमेला आपलं आरोग्यधाम काढलं : ज्यूइश कन्झम्प्टिव्हज् रिलीफ सोसायटी, म्हणजे ज्यू क्षयरोग्यांना मदत करणारी संस्था. प्राण होते डॉक्टर चार्ल्स स्पिवाक. रशियाच्या झारच्या पोलिसांपासून निसटून १८८२ मध्ये अमेरिकेत आलेले, मजुरी केलेले, मग डॉक्टर झालेले. पत्नीच्या क्षयामुळेच ते डेन्व्हरला आले होते.

इथे शेवटच्या अवस्थेतलाही रोगी घेत. रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, स्वयंपाक धर्माप्रमाणे. इमारतींना पैसा नव्हता म्हणून लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून तंबू उभारले. खुली हवा हाच उपचार, त्यामुळे बर्फाच्या दिवसांतही तिथेच झोपायचं. विश्रांती, दूध, अंडी, आणि पुन्हा विश्रांती. निधी यायचा तो देशभरच्या कामगारांच्या चिल्लर नाण्यांतून.

आणि तिथे मरणाची वाट पाहत नुसतं पडून राहणं नव्हतं. आरोग्यधामाचं स्वतःचं मासिक निघायचं. येहोआश हा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतला, कवी क्षयाने डेन्व्हरला आलेला. त्याने आणि स्पिवाक यांनी मिळून एक यिद्दिश शब्दकोश सिद्ध केला, तो १९११ मध्ये छापला गेला.

स्पिवाक १९२७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपला देह विच्छेदनासाठी दिला आणि सांगाडा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला पाठवावा असं लिहिलं. माझ्या मते, या माणसाची याहून खरी ओळख नाही.

नॅशनल ज्यूइशमध्येही पुढे, १९२० च्या दशकात, धर्माप्रमाणे स्वयंपाक सुरू झाला.

मग औषध आलं. १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. १९५० च्या दशकात आपल्याच मद्रासमध्ये गरीब रोग्यांवर झालेल्या चाचणीने दाखवून दिलं, की घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. स्पिवाक यांची संस्था १९५४ मध्ये कर्करोगाकडे वळली. नॅशनल ज्यूइश डेन्व्हरमध्ये आजही चालू आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी तिथे उपचाराला येतात.